रामेन कुणाचं, सांबार कुणाचं?



सुट्टीवर गावी गेलो की कुडाळच्या स्टँडवर, सलूनमध्ये, देवळाच्या पायरीवर एक वाक्य हमखास कानावर येतं. "तामिळनाडूत असतोस ना? मग सांग त्यांना, सांबार आपलं आहे. संभाजीराजांच्या नावावरून पडलंय." सांगणाऱ्याला सांबार करता येत असतंच असं नाही, पण अभिमान उतू जात असतो.

इकडे कुंभकोणमला परत आलो की दुसरीच तऱ्हा. मी इथं एनसीसीच्या पोरांना ड्रिल आणि हत्यार शिकवायला आहे. ही पोरं 'नारुटो' नावाचं जपानी कार्टून बघून वाढलेली. त्यातला नायक उठसूट रामेन खातो, म्हणून यांनाही रामेन पाहिजे. परेड सुटली की पोरं एका हातगाडीवर जातात. त्या गाडीवाल्यानं नूडल्सच्या एका वाडग्याला 'रामेन' नाव दिलंय. कोंबडीचा पातळ रस्सा, त्यात मिरी आणि कढीपत्ता, वर अर्धं उकडलेलं अंडं. खाऊन झालं की पोरं मला विचारतात, "सर, हे ओरिजिनल आहे का?"

गावचा तो अभिमान आणि या पोरांची ही शंका, दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. पदार्थाचा जन्मदाखला कुणाकडे तरी असतो, तो ज्याच्याकडे असेल तोच मालक, आणि बाकीचे नक्कल करणारे. माझं मत याच्या उलट आहे. पदार्थ त्याचा, जो तो रोज रांधतो आणि दुसऱ्याला वाढतो. का, ते सांगतो.

आधी रामेनचं बघू.

मी जपानला गेलेलो नाही. पण चेन्नईच्या आसपास, श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडमच्या पट्ट्यात, जपानी कंपन्यांचे बरेच कारखाने आहेत. त्यांचे इंजिनिअर चेन्नईत राहतात, त्यामुळे शहरात जपानी जेवणाची हॉटेलं झाली. कामानिमित्त चेन्नईला गेलो तेव्हा त्यातल्या एका रामेनच्या दुकानात बसलो. समोर लांब फळी, फळीपलीकडे आचारी, आणि वाडगा थेट त्याच्या हातातून आपल्यासमोर. शेजारी दोन जपानी साहेब टाय सैल करून फुर्र फुर्र आवाज काढत खात होते. आपल्याकडे असा आवाज काढला तर आई पाठीत धपाटा घालील. तिथं तीच रीत, कारण शेवया गरम रश्शातून काढून गरमच खायच्या असतात. पंधरा मिनिटांत खाऊन दोघं उठले आणि गेले. लंगरमध्ये जेवल्यासारखं वाटलं. गप्पा कमी, खाणं जास्त, मागचा माणूस जागेची वाट बघतोय.

वाडग्यात काय असतं? तळाला 'तारे', म्हणजे सोया सॉसचा किंवा मिठाचा खारट दाट अर्क. त्यावर हाडं तासन्‌तास उकळून काढलेला रस्सा. मग शेवया, आणि वर मांसाचा काप, अंडं, कांद्याची पात. या शेवया गव्हाच्याच, पण पीठ भिजवताना 'कान्सुई' नावाचं खारं पाणी घालतात. हे आपल्या पापडखाराच्या जातीचं प्रकरण. त्यानं शेवईला पिवळटपणा येतो आणि ती दाताखाली ताणली जाते, रश्शात लवकर विरघळत नाही. पापडाचं पीठ कुटणाऱ्या कुठल्याही कोकणी बाईला हे एका वाक्यात समजेल.

चव चांगली होती. पण मला जास्त आवडला तो आचारी. तो मणिपूरचा निघाला, उखरुलकडचा. मी त्या बाजूला नोकरी केली आहे, म्हणून सांगशाकचं नाव काढलं. तो हसला. १९४४ च्या मार्चमध्ये सांगशाकला जपानी सैन्य चाल करून आलं तेव्हा त्यांना अडवणाऱ्यांत आमच्या रेजिमेंटची चौथी बटालियन होती. ज्या डोंगरात जपानी आणि मराठे एकमेकांवर संगिनी रोखून उभे होते, तिथला नातू चेन्नईत जपान्यांना त्यांचाच पदार्थ रांधून घालत होता आणि शेजारी एक मराठा बसून खात होता. २०२२ साली बेळगावात 'धर्म गार्डियन' सरावासाठी जपानी जवान आले, तेव्हा त्यांच्यासोबत आमची पंधरावी बटालियन होती. जग असं फिरतं.

आता प्रश्न असा, की या उखरुलच्या पोरानं केलेलं रामेन ओरिजिनल का? आणि ओरिजिनल म्हणजे तरी कुणाचं?

रामेन मुळात जपानचं नाहीच. योकोहामा बंदरात चिनी लोकांची वस्ती होती, त्यांच्या शेवया आणि रस्सा हे त्याचं मूळ. १९१० साली टोकियोच्या असाकुसा भागात राइराइकेन नावाचं हॉटेल निघालं. मालक जपानी, आचारी योकोहामाहून आणलेले चिनी. रामेनच्या इतिहासात या हॉटेलचं नाव पहिल्या रांगेत घेतात. त्या काळी या पदार्थाला 'शिना सोबा' म्हणत, म्हणजे चिनी शेवया. पुढे दुसरं महायुद्ध हरल्यावर जपानमध्ये तांदळाचा दुष्काळ पडला. अमेरिकेतून गहू आला. चीन आणि मांचुरियातून परत आलेले सैनिक आणि नागरिक तिकडचं खाणं शिकून आले होते. त्यांच्यातल्या कित्येकांनी पोटासाठी गाड्या टाकल्या. गव्हाच्या शेवया आणि गरम रस्सा, स्वस्तात पोट भरणारं अन्न. मग एकेका गावानं आपापली चव बसवली. उत्तरेला सापोरोत मिसोचं रामेन, दक्षिणेला क्यूशूत डुकराच्या हाडांचं पांढरं रामेन. चिनी शेवयांचा असा पुरता जपानी पदार्थ झाला.

गंमत म्हणजे जपान्यांनी मूळ लपवलं नाही. आजही तिकडच्या कितीतरी दुकानांच्या पाटीवर 'चुका सोबा' असं लिहितात, म्हणजे पुन्हा चिनी शेवयाच. नाव शेजाऱ्याचं, मेहनत आपली. म्हणून रामेन जपानचं नाही असं कुणी म्हणतं का?

पाकिटातल्या नूडल्सचीही तीच कथा. १९५८ साली मोमोफुकु आंदो यांनी ओसाकाजवळच्या इकेदा गावी घराच्या मागच्या खोपटात शेवया तेलात तळून सुकवण्याची युक्ती बसवली. हे आंदो जन्मानं तैवानचे. त्याच युक्तीवर पुढे जगभरची पाकिटं निघाली. लडाखमध्ये किंवा सिक्कीमच्या वरच्या पोस्टवर ज्यानं नोकरी काढली आहे त्याला मॅगीची किंमत सांगायला नको. बुखारीवर बर्फ वितळवून, त्यात कांदा-मिरची टाकून, रात्री दोनच्या संत्रीड्युटीनंतर खाल्लेला तो वाडगा. त्यात गढवाली पोरगा तूप टाकतो, आमचा साताऱ्याचा भाऊ घरून आणलेलं काळं तिखट टाकतो, तमिळ जवान पोडी टाकतो. तेव्हा कुणी विचारत नाही, हे स्विस कंपनीचं, जपानी युक्तीचं, का चिनी मुळाचं. भूक लागलेली असते आणि कुणीतरी उठून ते केलेलं असतं.

म्हणून पोरांना मी सांगितलं, गाडीवाला रस्सा स्वतः उकळतो का ते बघा. पहाटे हाडं आणून, ढवळून, मिरी कुटून करत असेल, तर ते कुंभकोणमचं रामेन. पाकीट फोडून पाणी ओतत असेल, तर पाटीवर काहीही लिहू दे.

कुंभकोणमच्या लोकांना हा फरक दुसऱ्या बाजूनं चांगला कळतो. तामिळनाडूच्या हायवेवर दर काही मैलांवर 'कुंभकोणम डिग्री कॉफी' अशी पाटी दिसते. पितळी डबरा-टंबलर मांडलेले असतात. त्यातल्या बहुतेकांचा कुंभकोणमशी संबंध पाटीपुरताच. इथले लोक चिडत नाहीत, हसतात. कारण त्यांना माहीत आहे की डिग्री कॉफी पाटीत नसते. पाणी न घातलेलं ताजं दूध, पितळी फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेला पहिला अर्क, आणि पिणारा समोर आल्यावरच दोन्हींचा मेळ. अर्क शिळा झाला की चव गेली. नाव मिरवायला फार कष्ट पडत नाहीत. पहाटे साडेचारला उठून फिल्टर लावायला पडतात.

आता सांबाराकडे येतो.

तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं, हे खरं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत ते घराणं तिथं होतं. कुंभकोणम त्याच मुलखात. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. राजा सर टी. माधवराव, जे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले, ते १८२८ साली याच कुंभकोणमला जन्मले, मराठी घरात. हा इतिहास पक्का आहे आणि तो सांगायला मला कुठलाही संकोच नाही.

सांबाराची गोष्ट मात्र वेगळी. शाहजीराजांच्या तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, कुणीतरी चिंच घालायला सुचवलं, संभाजीराजे पाहुणे होते म्हणून त्यांच्या नावानं सांबार झालं, अशी ती कथा. ऐकायला गोड आहे, पण ती कथाच आहे. संभाजीराजे तंजावरला जेवायला आल्याचा कागद कुणी दाखवत नाही. शिवाय 'संभार' म्हणजे मसाल्याचं साहित्य हा जुना शब्द आहे, आणि आपल्याच विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. नावावरून मालकी ठरवायची तर नागपूरकरांचा दावा आधी ऐकावा लागेल.

पण समजा, कथा खरी आहे. समजा, पहिलं सांबार मराठी हातानं झालं. पुढं काय? त्या दिवसापासून आजपर्यंत घरोघरी, देवळोदेवळी, लग्नाच्या पंगतीत, रेल्वे स्टेशनवर ते रोज कुणी केलं? शेवग्याची शेंग कधी टाकायची, छोटे कांदे अख्खे का ठेवायचे, पहिल्या भाताला सांबार आणि दुसऱ्याला रसम हा क्रम कुणी बसवला? कोकणात आमची आमटी आमसुलाचीच राहिली आणि ती उत्तम आहे. चिंचेचं सांबार ज्यांनी वाढवलं, ते त्यांचं. मूल कुणाच्या घरी जन्मलं हे सांगता येतं, पण त्याला वाढवलं कुणी हेही सांगावं लागतं.

हे सगळं मी नुसतं वाद घालायला लिहीत नाही. यात एक माणूस गुंतलंय.

कुंभकोणमला एका जुन्या मराठी घराशी माझी ओळख झाली. घरातल्या आजी शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचे पूर्वज तंजावर दरबाराच्या चाकरीत इकडे आले. घरात त्या मराठी बोलतात. ते मराठी आपल्यापेक्षा वेगळं आहे. जुने शब्द, तमिळ वळण, वाक्य कुठे उचलायचं ते वेगळं. पहिल्या पाच मिनिटांत कान जुळवावा लागतो, मग सगळं समजतं. त्यांनी मला जेवायला बसवलं. पानावर रसवांगी होती, म्हणजे वांगी, डाळ आणि नारळाचं वाटण घातलेली दाट भाजी. डांगर पच्चडी होती, दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, वरून फोडणी. डांगर हा शब्द ऐकून मी चमकलो, कारण आमच्याकडे उडदाच्या पिठाला डांगरच म्हणतात. संध्याकाळी त्यांनी इडियप्पम आणि नारळाचं गोड दूध दिलं. हे तर आमचे शिरवाळे! तांदळाच्या पिठाच्या साच्यातून काढलेल्या शेवया आणि नारळाचा गुळाचा रस. मालवणात आमची आई करते तेच, फक्त त्यांच्याकडे साखर आणि आमच्याकडे गूळ. मी तसं सांगितल्यावर आजींनी शिरवाळे हा शब्द दोनदा म्हणून बघितला आणि वहीत लिहून घेतला. वहीत मराठी पदार्थांच्या कृती आहेत, भाषा मराठी, लिपी तमिळ.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला विसरता येत नाही. महाराष्ट्रातून तंजावर बघायला पाहुणे येतात. कुणीतरी त्यांना या घरी आणतं. पाहुणे पोटभर जेवतात, सांबार आपलंच असल्याचं सांगतात, आणि आजी बोलायला लागल्या की एकमेकांकडे बघून हसतात. एक जण तर म्हणाला, "तुमचं मराठी फारच अशुद्ध झालंय हो." आजी म्हणाल्या, "त्यानंतर माझी नात पाहुण्यांसमोर मराठी बोलत नाही. समजतं तिला सगळं. बोलत नाही."

तीनशे वर्षं राज्य बदलली, इंग्रज आले, गेले, शाळा तमिळ झाल्या, नोकऱ्या इंग्रजीच्या झाल्या, तरी त्या घरानं चुलीपाशी मराठी टिकवलं. आणि ते गप्प झालं कुणामुळे? आपल्याच माणसाच्या हसण्यामुळे. सांबारावर हक्क सांगणारे आपण, आणि ज्यांनी खरोखर काही जपलं त्यांच्या तोंडचा घास नाही, शब्द काढून घेणारेही आपणच.

कुणी म्हणेल, मग इतिहास सांगायचाच नाही का? अभिमान धरायचाच नाही का? जरूर सांगायचा. इतिहास हे नातं सांगण्याचं साधन आहे. डांगर हा एक शब्द कुडाळ आणि कुंभकोणमला जोडतो, हे कळल्यावर मला त्या घरात परकं वाटलं नाही. पण नातं सांगणं वेगळं आणि सातबारा दाखवणं वेगळं. नातेवाईक आला की घरच्यांना आनंद होतो, सातबारा घेऊन आला की दार लागतं. मुंबईत एके काळी दाक्षिणात्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. त्याच मुंबईचा कामगार सकाळी इडली-सांबार खाऊन कामाला जात होता आणि आजही जातो. तिथल्या अण्णाला कुणी विचारत नाही की सांबार कुणाचं. बशी पुढं करतात, "अण्णा, और थोडा डालो."

दुसरी शंका अशी, की सगळं सगळ्यांचं म्हटलं तर आपलं म्हणून काही उरणार नाही. रामेनकडे बघून मला ही भीती पटत नाही. जपान्यांनी चीनकडून घेतलं आणि त्यांचं जपानीपण कमी झालं नाही. कारण त्यांनी नुसतं घेतलं नाही, त्यावर राबले. एका रश्शावर आयुष्य काढणारी माणसं त्यांच्याकडे आहेत. पदार्थ उरतो तो कुणीतरी रोज चुलीपुढं उभं राहिल्यामुळे. भाषेचंही तसंच आहे. ती दररोज तोंडात असली तर उरते, आणि चुकतमाकत बोलणाऱ्याला हसलं की संपते.

म्हणून तंजावर बघायला येणाऱ्या माझ्या मराठी मंडळींना चार गोष्टी सांगतो. विनंती समजा, ऑर्डर नाही.

येताना दहा तमिळ शब्द शिकून या. वणक्कम, नंड्री, तण्णी, पोदुम, एवढ्यानंही पंगतीतला वाढपी खूश होतो. फौजेत आम्ही हे पहिल्या आठवड्यात शिकतो, कारण शेजारच्या पलंगावर झोपणारा माणूस कुठल्याही मुलखाचा असू शकतो.

इथलं सांबार इथलं म्हणून खा. आवडलं तर कृती विचारा.

एखाद्या मराठी घरी गेलात तर आजींना बोलू द्या. मोबाइलवर राजवाड्याचे फोटो काढता, तसं त्यांची परवानगी घेऊन त्यांचं बोलणं आणि एखादी कृती रेकॉर्ड करा. सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातलं पाकशास्त्र ग्रंथालयानं छापून जपलं आहे. आजींच्या वहीला तसं ग्रंथालय नाही.

आणि घरातली पोरं चुकीचं मराठी बोलली तर हसू नका. तुम्ही बरोबर बोलत राहा, ती ऐकून सुधारतील. नाही सुधारली तरी चालेल. तंजावरहून कुंभकोणम चाळीस किलोमीटर आहे, बस सतत असते. या, जेवा, आणि निघताना त्या नातीशी दोन वाक्यं मराठीत बोलून जा.